ज्येष्ठ मंडळी "बाळ, तुला काय कळतंय" म्हणतात तेव्हा काय करावं?

तुम्ही विचारलंय की वय 28, नोकरी आहे, घरखर्चात वाटा आहे, तरी सोसायटीतले आणि नात्यातले ज्येष्ठ लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. उलट बोललं की उद्धट, गप्प बसलं की तेच चालू.

आधी एक वाईट बातमी. वय वाढलं की हे थांबेल, या आशेवर राहू नका. बारावी झाली की कळेल, नोकरी लागली की कळेल, लग्न झालं की कळेल, पोरंबाळं झाली की कळेल... ही रेघ पुढेच सरकत राहते. माझी मावशी 61 वर्षांची आहे, स्वतः आजी झालीय. तिची आई तिला परवाच माझ्यासमोर म्हणाली, "तू गप्प बस गं, तुला त्यातलं काही कळत नाही."

दुसरं म्हणजे "तू" किंवा "बाळ" या शब्दांवर भांडू नका. आपल्याकडे आईलाही तू, विठ्ठलालाही तू. मला तू म्हणणारे दहा काका आहेत, त्यातल्या नऊ जणांचं काहीच वाटत नाही. दहावे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

गोष्ट 2023 ची. सोसायट्यांना 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणून आमची दरवर्षी शेवटच्या रविवारी, भर पावसात, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून होते. कामानिमित्त दीड वर्ष मी बंगळूरला होते, तेव्हा फ्लॅट भाड्याने दिलेला. त्या काळात बिलात बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) लागायचं, महिन्याला 310 रुपये. राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्कात पालिकेचे कर धरायचे नसतात. माझं सेवा शुल्क होतं 1,400. यांनी पाणी, मालमत्ता कर, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा निधी) सगळं धरून 3,100 च्या अख्ख्या बिलावर 10 टक्के लावले होते. महिन्याला 170 जास्त, 18 महिन्यांचे 3,060.

मी उभी राहून एवढंच सांगितलं. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, हे नियम तुझ्या जन्माआधीपासून आहेत. बाबांना पाठव, त्यांना समजावतो."

आता, फ्लॅट माझ्या नावावर. हप्ता माझ्या खात्यातून. शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव. बाबा सांगलीला असतात आणि त्यांना आमच्या सोसायटीचा पत्ताही धड पाठ नाही. लागलं ते "बाळ" नाही, लागलं ते "बाबांना पाठव". मी समोर बसलेली असताना माझ्याशी बोलायचंच नाही, असा त्याचा अर्थ.

मग मी चूक केली. म्हटलं, "काका, आदेश 2001 चा आहे. मी तेव्हा पाचवीत होते, जन्म झाला होता माझा." इथवर लोक हसले, माझ्या बाजूने हसले. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पुढे जोडलं, "तुमचा जमाना गेला आता." संपलं. पार्किंगमधली सगळी पांढरी डोकी एकदम काकांच्या बाजूला गेली. पुढची वीस मिनिटं हल्लीच्या मुलींचे संस्कार, दोन बुकं शिकली की शिंगं फुटतात वगैरे. 3,060 रुपयांचं नावही कोणी काढलं नाही. तेव्हा कळलं, वयावरून आपण एक शब्द जरी बोललो तरी विषय वयाचा होतो, आणि त्या विषयात ते कायमच आपल्यापुढे असणार.

पुढच्या आठवड्यात मी पत्र दिलं. साधं, एका पानाचं. सदनिका क्रमांक, आकारलेली रक्कम, योग्य रक्कम, फरक. खाली "प्रत: उपनिबंधक, सहकारी संस्था", म्हणजे सोसायट्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि सही घेऊन पोच ठेवली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: "आपले पत्र मिळाले. आपण उपस्थित केलेल्या मुद्द्यांबाबत..." आणि शेवटी "आपला विश्वासू", त्याखाली काकांची सही. मी ते पत्र दोनदा वाचलं. कागदावर बाळ नसतंच हो. कागदावर सभासद असतो, आणि त्याला "आपण" म्हणावंच लागतं.

म्हणून माझा सल्ला हाच: जिथे पैसा, हक्क, काम अडतंय तिथे बोलणं कागदावर न्या. सोसायटीत पत्र, ऑफिसात ईमेल. चिडका नको, कोरडा. एरवी लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत काय बोलतात ते जाऊ द्या. नात्यात मात्र पत्र चालत नाही. तिथे मी वाद घालत नाही आणि खुलासेही देत नाही. आत्या म्हणाली, "एवढं कर्ज कशाला घेतलंस, तुला काय कळतंय", की मी "हं" म्हणते आणि कोशिंबीर वाढायला घेते. खुलासा दिला की परवानगी मागितल्यासारखं होतं. हे जमायला मला तीनेक वर्षं लागली, आणि अजूनही दिवाळीत एखादवेळी तोल जातो.

एक कबूल करायला हवं. त्याच काकांनी गच्ची गळू नये म्हणून ब्रिकबॅट कोबाच (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) करा म्हणून हट्ट धरला होता. मी आणि चौथ्या मजल्यावरच्या दोघांनी त्यांना वेड्यात काढून स्वस्तातलं केमिकल कोटिंग मंजूर करून घेतलं. जुलैत माझ्याच बेडरूमच्या छताला ओल आली. काका वर येऊन बघून गेले, "म्हटलं होतं ना" सुद्धा म्हणाले नाहीत. बोलण्याची तऱ्हा चुकीची असली म्हणून माणसाचं म्हणणंही चुकीचंच असेल असं नाही. मी रागाच्या भरात दोन्ही एकत्र बांधून फेकून दिलं होतं.

आणि हेही खरं, की काका 58 व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. त्याआधी सगळे साहेब म्हणायचे. आता त्यांना साहेब म्हणणारा फक्त आमचा वॉचमन. म्हणून काही मी 3,060 सोडले नसते, ते वेगळं.

जानेवारीच्या बिलात ती रक्कम वजा होऊन आली, "मागील आकारणीतील फरक" अशी. त्याच संध्याकाळी काका लिफ्टमध्ये भेटले. दोन मजले कोणीच काही बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "काय बाळ, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," म्हटलं, "सांगलीला."