एकमेकांवर बसतात म्हणजे गट्टी जमली असं नसतं

साताऱ्याच्या दादा, चार फुटी टाकीत बिअर्डेड ड्रॅगन आहे, त्यातच इग्वानाचं पिल्लू सोडलं तर चालेल का, 'शेवटी दोघंही सरडेच', असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच वाक्य मी 2021 च्या मे महिन्यात सांगलीत आमच्या घरी म्हटलं होतं. म्हणून एवढं लांब लिहितोय. टाकी, बल्ब, कॅल्शियम तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

माझ्या ड्रॅगनचं वजन तेव्हा 312 ग्रॅम होतं. इग्वाना आणला त्याच संध्याकाळी टाकीत सोडला. वेगळं ठेवणं नाही, शी तपासणं नाही. तिसऱ्या दिवशी इग्वाना ड्रॅगनच्या पाठीवर चढून बल्बखाली बसला. मी फोटो काढून 'भाऊ भाऊ' म्हणून स्टेटसला ठेवला. बायको म्हणाली, "अहो, खालचा डोळे मिटून पडलाय, बरं नसेल त्याला." मी हसण्यावारी नेलं. माझी खरी चूक ही. वरचा बल्बची ऊब आणि यूव्हीबी (सरड्यांना लागणारे अतिनील किरण) दोन्ही अडवत होता आणि खालच्याला हलता येत नव्हतं. हे जागा बळकावणं असतं, माया नव्हे.

पुढचं आणखी वाईट. ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, त्याला हवेत 30 ते 40 टक्के ओलावा पुरतो आणि बल्बखाली साधारण 40 अंश लागतात. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलातला, त्याला 70 च्या वर लागतो. मी इग्वानासाठी दिवसातून दोनदा फवारा मारायचो. त्यात जुलैची सांगली, पूर आणि गेलेली वीज. ड्रॅगनला भिजवल्याशिवाय इग्वानाला ओलं ठेवता येईना. शिवाय इग्वाना शाकाहारी, पण तो ड्रॅगनचे रातकिडे चोरून खायचा आणि मी त्याचं कौतुक करायचो. अशा प्रथिनांनी त्याच्या किडनीवर ताण येतो हे नंतर कळलं.

ऑगस्टमध्ये ड्रॅगनची दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळी पडली, तोंड उघडं राहू लागलं, कडेला फेस. वजन 246 ग्रॅम. एका दवाखान्यात नेला. तिथे "सरडा काय, रंग बदलणारच" म्हणत एक इंजेक्शन दिलं. तोंडात डोकावून पाहिलं नाही, छातीला कान लावला नाही. गाय-कुत्रं रोज पाहणाऱ्या माणसाला सरडा ओळखता आला नाही तर राग नाही, पण "आम्हाला यातलं कळत नाही, पुण्याला न्या" एवढं म्हणाले असते तरी दहा दिवस वाचले असते. पुण्यात सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा संसर्ग सांगितला. उशीर झाला होता. ड्रॅगन गेला.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे माझ्या घरचंच समजा. पण माझं मत विचाराल तर दोन वेगळ्या जातींसाठी दोन टाक्याच. मध्ये काच घातली तरी एकमेकांना दिसतात आणि दबून राहतात, घालायचीच तर प्लायवूड घाला. नवा आला की किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, त्याचा चिमटा आणि वाटी वेगळी, हात आधी जुन्याकडे, मग नव्याकडे, आणि प्रत्येक वेळी साबणाने. ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि अ‍ॅडेनोव्हायरस हा विषाणू लक्षणं न दिसताही असू शकतात, म्हणून ताजी शी औषधाच्या रिकाम्या डबीत डॉक्टरांकडे तपासायला न्या, वाळलेली नको.

ओघात आलं म्हणून सांगतो. गॅलरीच्या काचेमागचं ऊन यूव्हीबीच्या कामाचं नाही. यूव्हीबीची ट्यूब उजेड देतेय म्हणजे यूव्हीबी देतेय असंही नाही, वर्षात बदला. आणि पालक रोज नको, शेवग्याचा पाला बरा.

इग्वाना घ्यायचाच असेल तर कागद आधी बघा. तो साईट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे 2022 च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद लागते. माझ्या नोंदीसाठी एका कार्यालयात तीन टेबलं फिरलो, तिसऱ्याने पहिल्याकडे परत पाठवलं. असो. आणि घोरपड कुणी 'गावाकडून देतो' म्हणालं तर हात जोडा, तो थेट गुन्हा आहे.

तूर्त तुमच्या ड्रॅगनला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यात बसवून तोला. आकडा आणि वय इथे लिहा, मग पुढचं बोलू.