डाळिंबाला मोबाईलवर चालणारं ठिबक आणि सेन्सर घ्यावेत का, की नुसतं फॅड आहे?

फॅड म्हणणाऱ्यांनी एक आठवडा रात्रीच्या लाईटीला व्हॉल्व्ह फिरवून बघावेत.

आमची बाग सांगोला तालुक्यात, जमीन मध्यम, पाणी बोअरचं. आमचे हे नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे बाग माझ्याकडे. मोबाईल स्टार्टर आधीपासून होता, पण त्यानं मोटर सुरू होते, झाडाला पाणी हवंय का ते कळत नाही. ते ठरवायचे चुलत सासरे, तात्या. वरची माती पांढरी दिसली की सोड पाणी!

मग ड्रीपरपासून थोडं बाजूला, अर्धा फूट आणि एक फूट खोलीवर मातीतली ओल मोजणारे सेन्सर बसवले. वर कोरडं, खाली चांगली ओल. तात्यांना स्क्रीनवरचे आकडे पटेनात, म्हणून तिथंच उकरून खालची माती हातात दिली. तिचा लाडू वळला. तरी म्हणाले, "बाग तहानलेली दिसतीय." सतत ओल राहिली की पांढरी मुळी गुदमरते, मर रोग (झाड वाळून जाणं) वाढतो, फुगवणीत कधी कोरडं, कधी चिखल झालं की फळ तडकतं. त्या आंबे बहारात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामात, सेन्सर बघून पाणी दिलं, तर तडकलेला माल स्पष्ट कमी निघाला. तात्यांनी श्रेय बोरॉनला दिलं. बोरॉन आम्ही दरवर्षीच देतो.

खताचं ऑटोमेशन दोन-चार एकराला घेऊ नका, ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी साधी व्हेंच्युरी पुरते. आधी साधं पाणी, मध्ये खत, शेवटी दहा-पंधरा मिनिटं परत साधं पाणी. कॅल्शियम नायट्रेट आणि 0-52-34 (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) एका टाकीत कालवलंत तर कितीही महागडं मशीन असू द्या, साका बसून ड्रीपर चोकअप होणारच. त्या पैशात चांगला फिल्टर घ्या.

हां, सेन्सरचा आकडा जमिनीगणिक बदलतो. काळ्या रानातला आकडा मुरमाला लावू नका. बहार धरायला पाणी तोडून दिलेला ताण सोडताना पानगळही बघावी लागते. शेतात रेंज आहे का आणि दरवर्षीचं रिचार्ज किती, हे घेण्याआधी विचारा. परवडेल की नाही ते त्यावर आणि तुमच्या एकरांवर आहे.

पण घरातलं दुसरं कुणी न विचारता हातानं व्हॉल्व्ह उघडणार असेल, तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. ते मिटेपर्यंत एक रुपयाही घालू नका.