वाचक विचारतात: विद्यापीठाच्या जॅझ बँडला हातभार लावायचा तर

अमेरिकेतल्या आपल्या वाचकांकडून या विषयावर बरीच पत्रं आली. काहींची मुलं विद्यापीठाच्या जॅझ बँडमध्ये वाजवतात, तर काही जण नुसतेच त्या संगीताच्या प्रेमात आहेत. नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयात १९४७ मध्ये जॅझची पदवी सुरू झाली, तेव्हा 'जॅझ' हा शब्दच नको म्हणून तिला 'डान्स बँड' म्हटलं गेलं. आज शेकडो विद्यापीठांत हे शिक्षण मिळतं. तरीही संगीत विभागाच्या अंदाजपत्रकात ऑर्केस्ट्रा आणि मार्चिंग बँड यांच्यानंतर जे उरतं, तेच बहुतेक ठिकाणी जॅझच्या वाट्याला येतं. म्हणून ही उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: आमच्या गावातल्या विद्यापीठाच्या जॅझ बँडला ५०० डॉलर द्यायचे आहेत. संकेतस्थळावर 'गिव्ह'चं बटण आहे. ते दाबलं की झालं ना?

बटण दाबा, पण त्याआधी एक फोन करा. निधी न निवडता दिलेली रक्कम बहुधा विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जाते. 'संगीत विभाग' एवढंच लिहिलंत, तर ती जॅझपर्यंत पोचेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी जॅझचा स्वतंत्र निधी असतो आणि त्याला क्रमांक असतो. तो जॅझ विभागाच्या संचालकांकडून घ्या. चेक विद्यापीठाच्या फाउंडेशनच्या (देणग्या स्वीकारणाऱ्या संस्थेच्या) नावाने काढा आणि मेमोच्या ओळीत निधीचं नाव व क्रमांक लिहा. त्या निधीतून खर्चाची सही कोण करतं, फाउंडेशन काही टक्के कापून घेतं का आणि वर्षअखेर उरलेली रक्कम पुढच्या वर्षी चालू राहते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. सही संचालकांचीच असेल तर उत्तम. ड्रमचं फाटलेलं हेड (वरचा पडदा) बदलायला तीन सह्या लागत असतील, तर कार्यक्रम होऊन जातो आणि हेड नंतर येतं.

५०० डॉलर कमी वाटत असतील, तर आधी पियानोकडे बघा. सरावाच्या खोलीतला पियानो दिवसभर बडवला जातो आणि वर्षातून एकदाच सुरात आणला जातो. पावसाळ्यात आपला तबला उतरतो, पियानोचं नेमकं उलट होतं. हवेत ओल आली की साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की तो उतरतो, आणि मधली सप्तकं जास्त हलतात. त्यामुळे तो सगळीकडे सारखा बिघडत नाही. खोलीची आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली तर हा त्रास बराच कमी होतो. तुमच्या रकमेत दोन-तीन वेळा ट्यूनिंग होतं, किंवा पियानोच्या आत बसवायच्या आर्द्रता-नियंत्रकाचा मोठा भाग निघतो. ५०० डॉलर एकदा देऊन थांबण्यापेक्षा दरमहा ४० डॉलर देणं संचालकांना जास्त उपयोगी पडतं, कारण त्या भरवशावर वर्षभराची ट्यूनिंगं आधी ठरवता येतात.

नोकरी करत असाल तर कंपनी देणगीला तेवढीच भर घालते का तेही पाहा. भरही त्याच निधीत जमा व्हावी असं फाउंडेशनला वेगळं कळवावं लागतं, नाहीतर ती सर्वसाधारण खात्यात पडते.

प्रश्न: घरात जुना उभा पियानो आहे, मुलाचा टेनर सॅक्सोफोन आहे आणि एक ट्रॉम्बोनही आहे. विद्यापीठ घेईल का?

पियानो बहुधा घेणार नाही आणि त्यात गैर काही नाही. जुन्या उभ्या पियानोची वाहतूक आणि दुरुस्ती विद्यापीठाच्या माथी मारणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तरी विचारण्याआधी स्वतः तपासा. वरचं झाकण उघडा आणि एकेक पट्टी दाबून धरा. मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यांचा सूर आपसांत जुळत नसेल, तर आवाज लाटेसारखा हेलकावतो. सगळीकडे असं होत असेल तर नुसतं ट्यूनिंग राहिलंय. पण ट्यूनरने पिळल्यावरही तारांच्या खुंट्या सैल फिरत असतील, तर ज्या लाकडात त्या बसतात तेच बहुधा चिरलं किंवा झिजलं आहे. त्याच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च जुन्या पियानोच्या किमतीपेक्षा बहुधा जास्त होतो.

सॅक्सोफोनचं चित्र वेगळं आहे. वरची लॅकर उडाली असली तरी काही बिघडत नाही. अंधाऱ्या खोलीत बारीक दिव्यांची माळ आत सोडा, चाव्या हळूच मिटा आणि पॅडच्या (चावीखालच्या, भोक झाकणाऱ्या गादीच्या) कडेने उजेड फुटतो का ते पाहा. दोन-तीन ठिकाणी फुटला तर ती साधी दुरुस्ती आहे. सगळीकडे फुटला तर सगळे पॅड बदलावे लागतात आणि त्याला चांगलाच खर्च येतो. मानेची नळी वाकलेली नाही ना, हेही नीट पाहा. ट्रॉम्बोनची बाहेरची सरक-नळी हाताचा आधार ठेवून अलगद खाली सोडा. मध्ये अडली तर नळीला पोचा आहे किंवा ती वाकली आहे. तोंडाजवळच्या पितळी नळीवर गुलाबी ठिपके दिसले, तर आतून धातू कुजत चालला आहे. ती नळी एक दिवस बदलावीच लागणार.

बँडला खरी चणचण असते ती विद्यार्थी स्वतः विकत घेत नाहीत अशा वाद्यांची: खालच्या ए स्वरापर्यंत जाणारा बॅरिटोन सॅक्सोफोन, दोन ट्रिगरचा (अंगठ्याने व बोटाने दाबायच्या झडपांचा) बास ट्रॉम्बोन, आणि डबल बास. पाहुणा बासवादक विमानातून स्वतःचं वाद्य सहसा आणत नाही, म्हणून बऱ्या अवस्थेतला, पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला देणारं साधन) बसवलेला एक बास विभागात असला की तो वर्षानुवर्षं कामी येतो. बासचा 'थ्री-क्वार्टर' आकार हाच मोठ्यांचा रूढ आकार आहे, लहान मुलांचा म्हणून तो नाकारू नका.

कराबद्दल: वर्षभरातल्या वस्तुरूप देणग्यांवरची वजावट ५०० डॉलरच्या वर गेली, तर विवरणपत्राला फॉर्म ८२८३ जोडावा लागतो. एखाद्या वस्तूसाठी, किंवा एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी मिळून, ५००० डॉलरच्या वर वजावट मागत असाल तर पात्र मूल्यांकनकर्त्याचा अहवालही लागतो आणि तो देणगीच्या आधी ६० दिवसांहून जुना चालत नाही. विद्यापीठ वाद्य मिळाल्याची पावती देतं, किंमत लावून देत नाही. तो आग्रह धरू नका.

प्रश्न: बाबांच्या स्मरणार्थ जॅझ विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. किती रक्कम लागेल? आमच्या ओळखीच्या मुलाला पहिली देता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. विशिष्ट विद्यार्थ्यासाठी दिलेली रक्कम करखात्याच्या लेखी देणगी ठरत नाही, ती त्या मुलाला दिलेली भेट ठरते. निवड विद्यापीठानेच करायची असते.

कायम निधीत मुद्दल गुंतवून ठेवतात आणि दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के खर्चाला देतात. म्हणजे २५,००० डॉलरच्या निधीतून वर्षाला १,००० ते १,२५० डॉलर मिळतात. अनेक विद्यापीठांत कायम निधीची किमान रक्कमच २५,००० किंवा त्याहून जास्त असते, पण बहुधा ती पाच वर्षांत हप्त्याने भरता येते. तेवढी नसेल तर चालू शिष्यवृत्ती द्या. दरवर्षी १,००० डॉलर दिलेत की ते त्याच वर्षी विद्यार्थ्यापर्यंत पोचतात. बाबांचं नाव तिलाही देता येतं.

सगळ्यात जास्त घोळ अटींच्या मसुद्यात होतो. 'अमुक काउंटीतला, टेनर वाजवणारा, तिसऱ्या वर्षाचा' असं लिहिलं की पात्र कोणी सापडत नाही आणि पैसे वर्षानुवर्षं पडून राहतात. 'टेनरवादकास प्राधान्य, अन्यथा जॅझ बँडमधला कोणताही विद्यार्थी' असं लिहा. पुढे हा अभ्यासक्रमच बंद झाला तर रक्कम कशाकडे वळवायची, तेही आताच लिहून ठेवा. आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही: गरजेवर आधारित मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्याला नवी शिष्यवृत्ती लागली की त्याची जुनी मदत तेवढ्याने कमी होऊ शकते. मग पैसे तुमचे जातात आणि मुलाच्या हाती नवं काहीच येत नाही. आर्थिक साहाय्य कार्यालयाशी आधीच बोला. उन्हाळी कार्यशाळा किंवा स्पर्धेचा प्रवास यांचा खर्च उचलला तर हे टळू शकतं.

प्रश्न: पैसे फार नाहीत, वेळ आहे. काय करू?

विभागातली नोटेशनची कपाटं लावून द्या. या कामाला कोणाला वेळ होत नाही आणि बँडचा सराव त्यावाचून अडतो. बिग बँड म्हणजे सहसा १७ वादक: पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार ट्रम्पेट, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. म्हणजे एका रचनेच्या पाकिटात १७ सुटे कागद आणि वर संचालकांचा स्कोअर (सगळे भाग एकत्र लिहिलेली प्रत). पाकिटं वर्षानुवर्षं हाताळली की त्यातला एखादा कागद हमखास हरवतो आणि सरावाला बसल्यावरच ते कळतं. प्रत्येक पाकीट उघडून कागद मोजा आणि तक्ता करा: रचनेचं नाव, अरेंजर (रचना बँडसाठी बसवणारा), काठिण्य, सॅक्सोफोनवाल्यांना बासरी किंवा क्लॅरिनेट घ्यावी लागते का, पहिल्या ट्रम्पेटचा सगळ्यात वरचा स्वर कोणता, आणि कोणता भाग गहाळ आहे. नव्या बँडसाठी रचना निवडताना संचालक या शेवटच्या तीन गोष्टी शोधत असतात. गहाळ भाग दुसऱ्या विद्यापीठाकडून झेरॉक्स करून आणू नका, तो स्वामित्वहक्काचा भंग होतो. प्रकाशकाकडून सुटा भाग बहुधा विकत मिळतो.

दुसरं काम: गावातल्या एखाद्या कॅफेत महिन्यातून एकदा जॅम सेशन (आयत्या वेळी एकत्र जमून वाजवायची बैठक) जमवून द्या. पियानो, बास आणि ड्रम असं तिघांचं पथक ठरलेलं आणि मानधन घेणारं असू द्या. पहिला अर्धा तास त्यांचा, मग नावनोंदणीच्या कागदावरून विद्यार्थी. एका रचनेवर तीन-चारच एकलवादक ठेवा. दहा जण चढले की वीस मिनिटं एकच रचना चालते आणि गिऱ्हाईकं उठून जातात. जागेच्या मालकाकडे सार्वजनिक वादनाचे परवाने आहेत का तेही विचारा.

स्वयंसेवेच्या तासांवर करवजावट नाही. त्यासाठी चालवलेल्या गाडीवर मैलाला १४ सेंट मिळते.

प्रश्न: आमचं मंडळ वर्गणी काढून देणगी देणार आहे. बदल्यात बँडने आमच्या कार्यक्रमात तबल्याबरोबर वाजवावं, असं सुचवलं तर?

देणगी आणि कार्यक्रम वेगळे ठेवा. देणगीला अट जोडली की फाउंडेशन ती मोबदला मानू शकतं आणि मग पावतीत तेवढी किंमत वजा होते. मंडळ स्वतः ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असेल तर वर्गणी मंडळाकडे जमवून एकच चेक द्या. तशी नोंदणी नसेल तर प्रत्येक कुटुंबाने थेट फाउंडेशनला द्यावं, नाहीतर कोणालाच वजावट मिळणार नाही. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याने लेखी पोच जपून ठेवावी. २०२६ च्या करवर्षापासून आयटेमाइझ न करणाऱ्यांनाही (म्हणजे एकेक वजावट वेगळी न दाखवणाऱ्यांनाही) रोख देणगीवर १,००० डॉलरपर्यंत, जोडप्याला एकत्र विवरणपत्रात २,००० डॉलरपर्यंत वजावट आहे.

तबल्याची कल्पना मात्र सोडू नका. आधी दोन तासांची कार्यशाळा ठेवा. बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा भागांचा) ब्लूज म्हणजे ४८ मात्रा, तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. हे हातावर टाळी-खाली देऊन दाखवलं की विद्यार्थी लगेच धरतात. अडचण सुराची येते. बँडच्या रचना बहुधा बी फ्लॅट, ई फ्लॅट किंवा एफमध्ये असतात, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार. काळी एकचा एकच तबला घेऊन गेलात तर तो प्रत्येक रचनेत खटकेल. रचना आधी ठरवा आणि मगच तबला निवडा. स्वरसंगती दर दोन बारला बदलणाऱ्या रचनेपेक्षा ब्लूज किंवा एकाच स्वरसंगतीवर लांब रेंगाळणारी रचना घ्या. तबला आणि डग्गा दोघांना वेगळे मायक्रोफोन द्या. ड्रमवाल्याला काड्यांऐवजी ब्रश घ्यायला सांगा, तरच तिरकिट शेवटच्या रांगेत पोचेल.