बाळाला पहिल्यांदा परदेशी न्यायला कितवा महिना बरा?

तुमच्या घरात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात असं दिसतं. मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली तरी पालथी पडत नाही, ही एक काळजी. आणि दिरांकडे सिंगापूरला ती आठ महिन्यांची असताना जावं की वर्षाची झाल्यावर, हा दुसरा प्रश्न. त्यात सासूबाई म्हणतात की एवढ्याशा जिवाला लांब नेलं की वाढ मागे पडते.

मी म्हणेन, आठव्या महिन्याच्या आसपास जा. पण तिकीट काढताना नुसता महिना मोजू नका, ती काय काय करते ते बघा. आधाराशिवाय बसतेय पण अजून रांगत नाही, मऊ भात खातेय पण अंगावरही पितेय, हा मधला काळ प्रवासाला सगळ्यात सोपा. आमच्या मुलाला आम्ही याच टप्प्यावर मुंबईहून सिंगापूरला नेलं होतं. साडेपाच तासांतला बराच वेळ तो प्यायला आणि झोपला, उरलेला वेळ पुढच्या खिशातलं सूचनांचं कार्ड चघळत बसला. नुकतंच चालायला शिकलेलं मूल एवढा वेळ मांडीवर बसत नाही. त्याच्या मागे विमानाच्या बोळातून फेऱ्या मारायच्या.

आता पालथं पडण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध केलेले आकडे बघा. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. केवढा पल्ला आहे! त्यातली शंभरात चार मुलं तर तशी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणंच काढून टाकलं, आणि पोटावरून पाठीवर वळणं त्यांनी सहा महिन्यांच्या रकान्यात ठेवलंय. म्हणजे तुमची लेक अजिबात मागे नाही. शिवाय ती वेळेआधी जन्मली असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. दर महिन्याला पाकळ्या आणि आकडे मांडून काढलेले इतरांचे फोटो बघून आपल्या बाळाची परीक्षा घेऊ नका. त्या फोटोत मूल बसलेलं दिसतं, मागून धरणारा हात दिसत नाही.

डॉक्टरांकडे जायची कारणं वेगळी आहेत. चार महिने झाले तरी मान धरत नाही, हाक मारली किंवा मोठा आवाज झाला तरी लक्ष देत नाही, एकच हात किंवा एकच बाजू वापरते, नऊ महिने पूर्ण होऊनही बसत नाही, किंवा आधी करत होती ते करायचं थांबली. यातलं काही असेल तर सहल बाजूला ठेवा आणि आधी दाखवून या.

प्रवासाने वाढ मागे पडत नाही. एवढंच होतं की फिरताना मूल दिवसभर कडेवर, पट्ट्यात किंवा बाबागाडीत असतं, जमिनीवर लोळायला मिळत नाही. दिरांच्या घरी रोज थोडा वेळ खाली चादर अंथरून मोकळं सोडा. काही बाळं नवीन जागी रात्री जास्त उठतात, घरी आल्यावर पुन्हा रुळतात.

कागदपत्रं मात्र आजच सुरू करा. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो पाच वर्षांसाठी मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा महापालिकेच्या दाखल्यावर तिचं नाव चढलंय ना ते तपासा. बारशाच्या गडबडीत पुष्कळ ठिकाणी ते राहून जातं. दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्रही लागतं. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे. पांढरी चादर पलंगावर अंथरून बाळाला उताणं ठेवा आणि वरून फोटो काढा, त्यात सोपं पडतं. गालावरची तीट तेवढी आधी पुसा. सिंगापूरला तिचा वेगळा व्हिसा लागेल, आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आगमनपत्र तिच्या नावानेही भरावं लागेल. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नका.

लसींचं बालरोगतज्ज्ञांशी आताच बोला. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना ती आधी एकदा द्यावी, असा सीडीसीचा सल्ला आहे. ती जास्तीची समजतात, नेहमीचे डोस वर्षानंतर वेगळे घ्यायचे. तुमच्या लेकीला काय योग्य ते डॉक्टर सांगतील. कुठलीही लस निघायच्या आदल्या दिवशी नको, ताप आला तर तो घेऊन विमानात बसावं लागतं.

विमानात दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट घ्यावी लागत नाही, मांडीवर बसवायचं. भिंतीला अडकवायचा पाळणा मागून घ्या. तो समोर भिंत असलेल्या रांगेतच बसतो आणि मोजकेच असतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर एअरलाईनला फोन करा आणि वजनाची मर्यादा विचारा. विमान वर जाताना आणि खाली येताना बाळाला अंगावर घ्या किंवा बाटली द्या, गिळताना कानाचे दडे सुटतात. उतरताना जास्त दुखतं आणि वैमानिकाच्या घोषणेच्या आधीच विमान खाली यायला लागलेलं असतं, म्हणून थोडं लवकरच पाजा. हातातल्या सामानात पातळ पदार्थ १०० मिलिपर्यंतच नेण्याच्या नियमात बाळाचं दूध आणि खाणं येत नाही, तपासणीच्या वेळी बाहेर काढून दाखवायचं. कुणीतरी सांगेलच की झोप यायला सर्दीचं औषध द्या. देऊ नका. काही मुलं त्याने उलटी जास्त चिडतात, आणि एवढ्या लहान बाळाच्या श्वासावरही परिणाम होऊ शकतो.

खायला तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून दळलेलं पीठ न्या. गरम पाण्यात पाच मिनिटं शिजवलं की पेज तयार. नाचणीसत्त्वही चालेल. मध मात्र वर्षाआधी अजिबात नाही, कुणी बोटावर घेऊन चाटवायला आलं तरी.

सिंगापूरची वेळ आपल्यापुढे अडीच तास. तिचं घड्याळ बदलायला जाऊ नका. इथे रात्री आठला झोपून सकाळी सहाला उठणारी मुलगी तिथे साडेदहाला झोपेल आणि साडेआठला उठेल. तुम्हाला सुट्टीत सकाळची झोप मिळते, परतल्यावर काही विस्कटतही नाही. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बाबागाडी सगळीकडे फिरते. बाहेर दमट उकाडा आणि आत कडक एसी, म्हणून एक दुपटं आणि टोपी हाताशी ठेवा. डेंग्यूचे डास तिथे बारा महिने असतात. बाबागाडीवर जाळी टाका. तिथल्या ॲपच्या गाड्यांत लहान मुलासाठी खास सीट कायद्याने बंधनकारक आहे, साध्या टॅक्सीला त्यात सूट आहे. तरी बाळाची सीट असलेली गाडी मागवता येते, मी तीच मागवली असती तुमच्या जागी.

एक दिरांसाठी. आठ-नऊ महिन्यांची मुलं अनोळखी माणूस दिसला की रडतात, हाही वाढीचाच टप्पा आहे. आतापासून रोज व्हिडिओ कॉलवर काकाचा चेहरा दाखवा, आणि दिरांना सांगून ठेवा की दार उघडल्या उघडल्या तिला उचलायचं नाही. आधी तुमच्याशी गप्पा मारत बसायचं, ती आपणहून हात पुढे करेपर्यंत. सासूबाईंना सोबत नेता आलं तर बघा. विरोध मावळेल, आणि रात्री कडेवर घ्यायला आणखी एक माणूस मिळेल.