टेबल टेनिसपटू बार्बोरा बालाझोव्हाच्या कारकिर्दीत एकेरीपेक्षा मिश्र दुहेरीचं नाव जास्त का घेतलं जातं?

कारण तिचं एक मोठं पदक तिथलंच आहे. 1992 मध्ये जन्मलेल्या या स्लोव्हाक खेळाडूने ल्युबोमीर पिश्तेयसोबत 2022 च्या म्युनिक युरोपियन स्पर्धेत रौप्य जिंकलं. अंतिम फेरीत फ्रान्सच्या लेबेसों आणि युआन जिया नान जोडीने हरवलं. त्याआधी टोकियोत, जिथे मिश्र दुहेरी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आली, ही जोडी 16 जोड्यांत होती.

एकेरीतला जोर इथे पुरत नाही. सर्व्हिस उजव्या अर्ध्यातून समोरच्या उजव्या अर्ध्यातच पडावी लागते (मधली 3 मिमीची रेघ उजव्यात धरतात), आणि दोघांनी आळीपाळीनेच मारायचं. फटका मारून बाजूला सरकायला उशीर झाला की जोडीदाराची वाटच अडते. नवख्या जोड्या गुण घालवतात त्या बहुतेक इथेच.

मॅच बघताना एक गोष्ट पाहा: समोरच्या पुरुषाचा चेंडू कोणाकडे येतोय? कोणाचा चेंडू कोणी घ्यायचा हा क्रम दर गेमला उलटतो आणि निर्णायक गेममध्ये एका जोडीचे 5 गुण झाले की पुन्हा बदलतो. पुरुषाचा टॉपस्पिन (पुढे गरगरत येणारा जोरदार फटका) बाईकडे येतो तो गेम सहसा जड जातो. तेव्हा तिचा ब्लॉक (बॅट नुसती आडवी धरून परतवलेला चेंडू) किती खोल, म्हणजे टेबलाच्या टोकाजवळ पडतो ते बघा, नुसता परत गेला म्हणून भागत नाही.