कौलारू घराच्या छपराची व्हॅली स्केचअपमध्ये कशी काढावी?

स्केचअप या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एल आकाराच्या घराचे छप्पर काढताना दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आतल्या कोनात मिळतात तिथले वासे एकमेकांत घुसतात आणि काही कौलांच्या पातळीवर डोकावतात, असे तुम्ही लिहिले आहे. गुहागरजवळच्या आमच्या घराचे छप्पर उतरवण्यापूर्वी मी त्याचा आराखडा स्केचअपमध्ये केला, तेव्हा मीही आधी सगळे वासे मांडले आणि मग त्यांच्यामधून व्हॅली, म्हणजे दोन पाखी मिळतात ती खोलगट रेषा, शोधत बसलो. वाशांना हात लावण्याआधी दोन्ही पाखी नुसत्या पृष्ठभागांच्या रूपात काढावीत, ती एकमेकांच्या पलीकडे जाऊ द्यावीत आणि ‘इंटरसेक्ट फेसेस’ ही आज्ञा वापरून त्यांच्या छेदाची रेषा मिळवावी. तीच व्हॅली.

दोन्ही पाख्यांचा उतार सारखा आणि घराचा कोन काटकोन असेल, तर वरून पाहताना ही रेषा 45 अंशांत जाते. उतार 30 अंश आणि वळचणीपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर 3 मीटर असेल, तर साधा वासा सुमारे 3.46 मीटरचा होतो, व्हॅलीचा वासा मात्र 4.58 मीटरचा, आणि त्याचा स्वतःचा उतार जेमतेम 22 अंश असतो. दोन पाख्यांचे पाणी या मंद उतारावर एकत्र येते, म्हणून तिथला पत्रा आराखड्यातही स्वतंत्रपणे दाखवावा. एका पाख्याचा उतार 20 अंशच असेल, तर व्हॅली 45 अंशांत राहत नाही. ती चढ्या पाख्याच्या वळचणीशी सुमारे 32 अंशांचा कोन करते, म्हणून 45 अंश गृहीत धरून रेषा हाताने ओढू नये.

खरी अडचण व्हॅलीच्या वाशाच्या जाडीत आहे. छेदाची रेषा या वाशाच्या वरच्या सपाट बाजूच्या बरोबर मध्यावरून जायला हवी. दोन्ही पाखी तिथून दोन्हीकडे वर चढत जातात, त्यामुळे वासा 10 सेंटिमीटर जाड असेल, तर त्याच्या कडेपाशी छपराची पातळी त्याच्या माथ्यापेक्षा सुमारे 2 सेंटिमीटर वर असते. कडेला येऊन टेकणाऱ्या आखूड वाशांचा माथा तेवढा वर राहिला पाहिजे. तो कडेशी समतल केला, तर पडद्यावर जोड नीट दिसतो, पण रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, तिथे खाली दबतात आणि कौले नीट बसत नाहीत. सुतार वाशाच्या माथ्यावर सरळ पट्टी धरून ती व्हॅलीच्या मध्यरेषेला भिडते का ते पाहतो. तुम्हीही तशीच एक सरळ रेषा ओढून पाहा.

आखूड वाशांसाठी एका साध्या वाशाचा कंपोनंट (ज्याच्या सगळ्या प्रती एकत्र बदलतात असा भाग) करून त्याच्या प्रती 45 सेंटिमीटर अंतराने मांडा, त्या व्हॅलीपलीकडे जाऊ द्या आणि व्हॅलीच्या वाशाच्या उभ्या बाजूपाशी त्यांना कापा. कापण्यापूर्वी प्रत्येक प्रत ‘मेक युनिक’ या आज्ञेने स्वतंत्र करा, कारण तसे न केल्यास एकीचा काप सगळ्यांना लागतो. काम बरोबर झाले असेल, तर 30 अंशांच्या उतारावर प्रत्येक वासा शेजारच्यापेक्षा सुमारे 52 सेंटिमीटरने आखूड होत जाईल. सुताराला लांबीची यादी देण्याआधी हा फरक सगळीकडे सारखा येतो का, ते मोजून घ्या.