बॉल पायात आला की मुलगा गोंधळतो

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा. महात्मानगरच्या मैदानावर फुटबॉल खेळतो. सरावात पास चांगले देतो, पण मॅचमध्ये बॉल आला की थबकतो, नाहीतर दिसेल तिकडे मारून मोकळा होतो. मी कडेला उभा राहून ‘पास दे, शूट कर’ ओरडतो, तरी फरक नाही. घरी काय करून घेऊ? – एक बाबा, इंदिरानगर

उत्तर: बाबा, आधी ते ओरडणं थांबवा. तुमच्या सांगण्याची सवय लागली, की तो मैदानाकडे बघतच नाही.

तो थबकतो, कारण बॉल पायात आल्यावर इकडेतिकडे बघायला लागतो. हे बघणं बॉल वाटेत असतानाच उरकायला हवं. त्यासाठी पार्किंगची भिंत पुरे. भिंतीपासून ५-६ मीटरवर तो, त्याच्या मागे पाच पावलांवर तुम्ही. त्यानं पायाच्या आतल्या बाजूनं भिंतीवर हळू पास मारायचा आणि बॉल भिंतीकडे जात असताना मान वळवून मागे बघायचं. तुम्ही बोटं दाखवा. बॉल पायाला लागायच्या आत त्यानं आकडा सांगायचा. बोटं एवढ्यासाठी, की नुसती मान हलवायची सवय पोरांना पटकन लागते, दिसत काहीच नाही. शेवटच्या मीटरभरात मात्र नजर बॉलवर, नाहीतर पहिलाच टच निसटतो.

आठवड्याभरानं मागे डाव्या-उजव्या बाजूला चपलांची मीटरभर रुंद दोन दारं मांडा. एका दारात तुम्ही. त्यानं पहिल्याच टचला रिकाम्या दाराकडे वळायचं. डावं-उजवं असं आलटूनपालटून उभे राहू नका, तो तुमचा क्रमच पाठ करेल.

पण अडवायला कुणी असल्याशिवाय निर्णयाची खरी कसोटी लागत नाही. चपला काही अंगावर येत नाहीत! सोसायटीतली दोन पोरं गोळा करा आणि गच्चीवर ८ बाय ५ मीटरमध्ये दोघं विरुद्ध एक खेळवा. अडवणारा अंगावर आला की पास. पासची वाट धरून थांबला की स्वतः पुढे. बहुतेक मुलं पास फार लवकर देतात, मग अडवणारा निवांत दुसऱ्याकडे सरकतो. त्याला दोन हातांवर येऊ द्यायचं. बॉल ४ नंबरचा, हवा थोडी कमी, म्हणजे खाली कुणाच्या गाडीवर जाणार नाही. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर नको.

एका वेळी १५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस बस.

मॅचनंतर घरी येताना ‘कुठे चुकलास’ नको. ‘बॉल यायच्या आधी कोण कोण दिसलं?’ एवढंच विचारा. मोकळ्या साथीदाराकडे दिलेला पास हळू गेला, तर चूक पायाची आहे, डोक्याची नाही. त्यावर रागावलात, तर पुढच्या वेळी तो पास देणारच नाही.